उजवीकडची कमान

रविवार, ४ फेब्रुवारी

या वहीची पहिली चार पानं आईने गिऱ्हाइकांची मापं लिहायला फाडून नेली, त्यामुळे सुरुवात पाचव्या पानापासून. वही गाडीच्या कामाच्या नोंदींसाठी आहे.

परिस्थिती अशी. बाबांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. उजवा आधीपासूनच अधू. डॉक्टरांनी गाडी चालवायला कायमची मनाई केली. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात बाबांनी चार रुंद टायर आणून ठेवले होते. ते तीन महिने माझ्या पलंगाखाली होते. काल गाडीला बसवले. आता प्रत्येक टायर गाडीच्या अंगाबाहेर पंचेचाळीस मिलिमीटर येतो.

दरवर्षी मार्चमध्ये बाबांचं मित्रमंडळ डोंगरातल्या कच्च्या वाटेने गाड्या नेतं. बाबा सोळा वेळा गेलेत. निघण्याआधी प्रत्येक गाडीची तपासणी होते आणि नियम क्रमांक नऊ म्हणतो, वरून पाहिल्यास टायर बाहेर दिसता कामा नये. म्हणजे चारही चाकांच्या कमानींवर फ्लेअर बसवायला हवेत. कमानीच्या आकाराच्या, कडक काळ्या प्लास्टिकच्या रुंद पट्ट्या असतात, तयार मिळतात. आणल्या. बाबा त्यांना भुवया म्हणतात. आई झालर म्हणते.

शेजारचे वकील दोन वर्षांपासून गाडी मागतायत. आज जेवताना बाबा म्हणाले, "तपासणीत पास झाली तर राहील. नाहीतर वकिलांना देऊन टाकतो. शब्द दिलाय."

"मला न विचारता?"

"तुला काय विचारायचं? तीन महिने टायरांवर झोपलीस, कसले आहेत म्हणून एकदा तरी विचारलंस?"

मला या गाडीबद्दल विशेष काही वाटत नाही. फक्त ती विकली जाऊ नये. चालवणार मी, हे उघडच आहे. बाबांना मनाई आणि आई गाडी चालवत नाही. तपासणी दहा मार्चला. हातात पाच रविवार.

मीटर: १,८६,४१२.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

कारखान्यात माझं काम तयार भागांच्या तपासणीचं. अर्ध्या मिलिमीटरचा फरक असला की मी तो भाग बाजूला काढते. माझ्या पाठीमागे मला 'नापास मॅडम' म्हणतात. गैर काही नाही.

डाव्या पुढच्या कमानीची मापं घेतली, एकवीस बिंदू. त्यावरून आराखडा काढला. उजवीकडे हाच आराखडा उलटा करून वापरायचा, म्हणजे निम्मं काम वाचतं. गाडीच्या दोन बाजू एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात. साच्यातून येतात त्या.

आई दारात उभी राहून बघत होती. ती शिवणकाम करते. कोट, गणवेश, बाकी काय येईल ते. म्हणाली, "एका बाजूचं माप घेऊन दोन्ही बाजू कापणार?"

"गाडी आहे आई, माणूस नाही."

"बरं," आई म्हणाली.

आईचं 'बरं' दोन प्रकारचं असतं. हे दुसरं होतं.

रविवार, ११ फेब्रुवारी

डावीकडचे दोन्ही फ्लेअर बसवून पाहिले. पद्धत: कमानीवर चिकटपट्टी लावायची, तिच्यावर खुणा करायच्या, मधलं भोक आधी पाडायचं, मग एकेक बाजूने कडेला जायचं. प्रत्येक भोकाच्या कडा घासून तिथे गंजरोधक रंग. फ्लेअर आणि पत्रा यांच्यात रबराची बारीक पट्टी. नेमके बसले, नखही शिरत नाही. रंगकामासाठी परत काढून ठेवले.

धुळीसाठी तोंडावर लावलेला मास्क हनुवटीवरच्या जुन्या टाक्यांवर घासतो. चार वर्षांची असताना पायरीवरून पडले होते. तीन टाके. पुढच्या वेळी दुसरा मास्क.

आता गंभीर बाब. मीटर १,८६,४६८. गेल्या रविवारपासून छप्पन्न किलोमीटर जास्त. मी साडेसहाला कामावर जाते, चारला येते. मधल्या वेळात कुणीतरी गाडी बाहेर काढतं.

पुरावे नोंदवते. सीट नेहमीपेक्षा दोन खाचा पुढे. सीटवर बैठकीच्या खोलीतली निळी उशी. पट्ट्याला शिवणाच्या दोऱ्याचा तुकडा, गडद निळा. गेटच्या डाव्या खांबावर खडूची उभी रेघ.

निष्कर्ष: बाबा चालवतायत. दिसत नाही म्हणून सीट पुढे घेतात. पाठ दुखते म्हणून उशी. दोरे आमच्या घरात सगळ्यांच्याच कपड्यांना असतात. खडूची रेघ शेजारच्या मुलांची असणार, तिचा संबंध नाही.

सोमवार, १२ फेब्रुवारी

बाबांना विचारलं. आकड्यांसकट. आई मशीनवर होती, सुईत दोरा ओवत होती.

बाबांनी आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हो. मीच. सवय सुटत नाही गं."

"समोरचा खांब तरी दिसतो का तुम्हाला?"

"खांब कुठे आहे ते मला ठाऊक आहे. दिसायची काय गरज?"

आई हसली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. तिचा दोरा तिसऱ्यांदा सुईच्या बाजूने गेला. चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगायला हवं.

"तू तरी सांग ना त्यांना," मी आईला म्हटलं. "तुझ्या डोळ्यांदेखत घडतंय हे."

"सांगते," आई म्हणाली. "अहो, उद्यापासून जरा जपून."

गाडीची किल्ली माझ्या टेबलाच्या खणात. खणाला कुलूप. कुलपाची किल्ली माझ्याकडे.

रविवार, १८ फेब्रुवारी

आज चूक झाली. माझी.

उजवी पुढची कमान. उलटा आराखडा चिकटवला, खुणा केल्या, आणि फ्लेअर एकदाही नुसता लावून न बघता सातही भोकं पाडली. आराखडा बरोबर होता, म्हणून पाहिलं नाही. मग फ्लेअर लावला, तर वरच्या बाजूला बोट जाईल एवढी फट. कमान आराखड्यापेक्षा अकरा मिलिमीटर आत आहे. अकरा! कारखान्यात एवढा फरक असलेला भाग माझ्या टेबलापर्यंत पोचतसुद्धा नाही. शिपाईच फेकून देतो.

पाडलेलं भोक परत घेता येत नाही.

एक तास गाडीसमोर बसले. वकील कुंपणावरून डोकावले. "काय, कुठपर्यंत आलं? माझ्याकडे आली की मी हे सगळं काढूनच टाकणार आहे, तेव्हा फार मनावर घेऊ नका."

मी म्हटलं, "काम चालू आहे."

आई चहाचा कप बॉनेटवर ठेवून गेली. जाताना फटीत बोट घालून पाहिलं. ते 'बरं'पेक्षा वाईट होतं.

मीटर: १,८६,५३८. किल्ली खणात असताना सत्तर किलोमीटर. म्हणजे बाबांकडे दुसरी किल्ली आहे. त्यांचे खिसे, कपाट, चष्म्याची पेटी, सगळं तपासलं. सापडली नाही. या वयात माणूस एवढा लबाड होईल असं वाटलं नव्हतं.

मंगळवार, २० फेब्रुवारी

पत्र्याचं काम करणारे डेंटर काका आले. बाबांचे जुने ओळखीचे. कमानीवर बोटाच्या पेराने टकटक केलं, टरबूज बघावं तसं. मग खिशातून लोहचुंबक काढून लावलं. खाली पडलं.

"इथे पत्रा नावालाच आहे," ते म्हणाले. "बाकी सगळी पुट्टी."

"कुणी भरली?"

"मीच."

"कधी?"

"झाली वीसेक वर्षं. चांगली टिकली, नाही?" जुन्या विद्यार्थ्याला भेटावं तसं त्यांनी कमानीवर थोपटलं. "तेव्हा माझा हात बसला नव्हता अजून. आत गेलेलं पूर्ण बाहेर आलं नाही. तुमच्या बाबांना म्हटलं, थोडं आतच राहील. ते म्हणाले, राहू दे, पण आठवड्यात दे. घरातलं माणूस बघून बघून रडतंय."

"कोण रडत होतं? आणि लागली कशाला?"

"ते तुमच्या बाबांनी सांगायला बंदी केलीय. मी शब्दाचा पक्का आहे. काही सांगत नाही."

हे म्हणताना ते माझ्या हनुवटीकडे बघत होते. घरात येऊन आरशात पाहिलं. पुट्टी लागलेली नव्हती.

संध्याकाळी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "लागली असेल कुठेतरी दगडाला. डोंगर आहे, दगड असणारच." आई गॅस बंद करायला म्हणून आत गेली. गॅस सुरूच नव्हता.

बाबांनी स्वतःच ठोकली असणार आणि 'माझ्या गाडीला ओरखडा नाही' असं वीस वर्षं मित्रांना सांगितलं असणार. रडलेही तेच असणार. गाडीच्या बाबतीत ते हळवे आहेत.

रविवार, २५ फेब्रुवारी

आज आईने काम हातात घेतलं. मी सांगितलं नव्हतं.

वर्तमानपत्राचे दोन मोठे कागद, चिकटपट्टी, शिंप्याचा खडू. कागद कमानीवर अंथरला, तळव्याने दाबत गेली, जिथे कड लागली तिथे दुमडला. मोजपट्टी घेतलीच नाही.

"एकवीस बिंदू तरी घे," मी म्हटलं.

"माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या माणसांचा एक खांदा उतरता असतो. तुझ्या बाबांचाही आहे. मग काय करायचं, माणूस परत पाठवायचा?"

"मग काय करतेस?"

"कोट त्या खांद्याचा शिवते. आरशात बघून तो म्हणतो, वा, आपले खांदे किती सरळ."

मग कागदाखाली पुट्टी जिथे सुरू होते आणि जिथे संपते तिथे तिने खडूने रेघ ओढली. टकटक न करता, चुंबक न लावता, एका हिसक्यात. मी नंतर चुंबकाने पडताळलं. रेघ दोन मिलिमीटरच्या आत बरोबर. डेंटर काकांनी तिला सांगितलं असावं.

तिच्या कागदावरून फ्लेअरची वरची कड घासून नवा आकार दिला. काकांनी जुन्या सातपैकी चार भोकं बुजवली, तीन नव्या आकारातही जागेवर आली. फ्लेअर बसला. नख शिरत नाही. अकरा मिलिमीटरचं काय झालं ते डोळ्याला सांगता येत नाही. मोजलं तर सापडतं.

मी तिला विचारलं, "तुला वाईट नाही वाटत, बाबा असे चोरून गाडी चालवतात याचं?"

ती खडू पुसत होती. म्हणाली, "वाटतं ना. पण या वयात नवीन काही शिकत असतील तर शिकू दे."

बाबा पन्नास वर्षं गाडी चालवतायत. त्यात नवीन काय ते मला कळलं नाही.

मीटर: १,८६,६२२. आता रोज बारा ते चौदा किलोमीटर, न चुकता. डॉक्टरांना फोन करायचा विचार आहे. तपासणी झाल्यावर.

रविवार, ३ मार्च

उजवा मागचा झाला. मग चाचणी: स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून, एक चाक लाकडी ठोकळ्यावर चढवून, टायर कुठे घासतो का ते पाहिलं. चारही चाकं. कुठेच घासत नाही. सगळे फ्लेअर काढून रंगाऱ्याकडे दिले. शनिवारी मिळतील.

बाबांनी मंडळाचा अर्ज आधीच पाठवून दिलाय म्हणाले. चालकाच्या रकान्यासाठी माझ्या लायसन्सची प्रत मागितली नाही. विसरले असतील. मी एक प्रत काढून पिशवीत ठेवली.

शनिवार, ९ मार्च

फ्लेअर आले. दुपारी दोन ते पावणेपाच: चारही कायमचे बसवले, स्क्रू घट्ट, रबर सरळ. गाडी दिसते छान. हे मत आहे, मोजमाप नाही.

वकील आले, फिरून बघितलं. "भुवया झकास. पण आता गेटमधून काढणार कशी?"

ते हसत होते. मी टेप घेऊन गेटपाशी गेले.

गेटच्या दोन खांबांमधली जागा: १,८४२ मिलिमीटर. गाडी, फ्लेअरसकट, आरसे मिटवून: १,८१८.

पाच आठवड्यांत या गाडीवरच्या प्रत्येक वस्तूचं माप मी घेतलं. गेटचं घेतलं नाही. गाडीला रुंद करण्याचं काम मी गाडीच्या घरातच केलं.

चोवीस मिलिमीटर. दोन्ही बाजूंना बारा. खांब दगडी आहेत. आत्ता फ्लेअर काढून बाहेर परत बसवायचे तर पावणेतीन तास लागतात, आणि उद्या तपासणी नऊला बंद. रात्रीच बाहेर काढून ठेवावी तर गल्लीत कचऱ्याच्या गाडीला जागा राहत नाही.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "बारा म्हणजे किती गं? अंगठ्याएवढं?"

"अंगठ्यापेक्षा कमी."

"मग पुष्कळ आहे." आणि आईकडे बघून, "नाही का?"

आई कात्रीला धार लावत होती. "बघू उद्या," म्हणाली.

रविवार, १० मार्च

सकाळी सात दहा. मी गाडीत बसले. सीट मागे घेतली. गेटपर्यंत गेले आणि थांबले. मागे घेतली. परत गेले. थांबले. उजवा खांब बॉनेटच्या कडेआड जातो आणि मग तो कुठे आहे हे कळायला काहीच मार्ग उरत नाही. तिसऱ्यांदाही थांबले. सात तेवीस.

वकील बाल्कनीत ब्रश करत उभे होते. त्यांनी ब्रश थांबवला होता.

आई बाहेर आली. पायात बूट. आईचे बूट मी प्रथमच पाहत होते. तळवे चांगलेच झिजलेले.

"ऊठ."

"आई, तू कशाला—"

"ऊठ म्हटलं ना. आणि गाडीत थांबायचं नाही. तिकडे, बाबांजवळ उभी राहा. लांब."

मी उतरले. तिने सीट पुढे ओढली. टक, टक. दोन खाचा. बाबांनी खिडकीतून निळी उशी आत दिली, रोजचं काम असल्यासारखी.

मी बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "वीस वर्षं लायसन्स नवं करून घेत होती. मला वाटायचं, फोटो काढायची हौस."

आईने उजव्या खांबाकडे बघितलंच नाही. डाव्या खांबावरच्या खडूच्या रेघेवर नजर लावली आणि गाडी सोडली, कापडात कात्री सोडावी तशी, मध्ये न थांबता. मी उजव्या खांबापाशी वाकले होते. सर्वांत अरुंद जागी आठ मिलिमीटर. मग मागचा फ्लेअरही गेला. मग गाडी रस्त्यावर होती.

वकिलांनी परत ब्रश सुरू केला.

बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं. ऑपरेशननंतर येतं, असं डॉक्टर म्हणाले होते. चार महिन्यांनंतरही येतं का, ते विचारायला हवं.

आईने शेजारचं दार उघडलं. "आता बस."

बाबा मागे बसले, न सांगता.

तपासणी आठ वीसला. तपासनीसाने प्रत्येक फ्लेअरच्या कडेवरून ओळंबा सोडला. चारही टायर आत. उजव्या पुढच्या चाकापाशी तो जरा रेंगाळला. "हा इतरांपेक्षा वेगळा दिसतोय?"

"मापाचा आहे," आई म्हणाली.

त्याने शिक्का मारला आणि अर्ज माझ्यापुढे सही करायला धरला. बाबांचं तिरकं अक्षर. चालक: पत्नी. सोबत: मुलगी. तारीख: दोन फेब्रुवारी. या वहीच्या पहिल्या नोंदीच्या दोन दिवस आधीची. 'हे उघडच आहे' असं मी जिथे लिहिलंय ते पान काढून पाहिलं. खोडलं नाही. नोंद खोडायची नसते.

पिशवीतली माझ्या लायसन्सची प्रत कुणी मागितली नाही.

बाबांनी तिथूनच वकिलांना फोन केला. "नाही, नाही देत. अहो, चालवणारं माणूस आहे घरात." मग बराच वेळ ऐकत राहिले. "हो, तुम्ही पाहिलंतच."

कच्च्या वाटेच्या तोंडाशी गाड्या रांगेत लागल्या. आमची पाचवी. समोर, माझ्या बाजूला, धरायचं लोखंडी हँडल आहे, डॅशबोर्डवर, पहिल्यापासून. मी त्याच्याकडे बघत होते. त्याला एक बाक आहे. पायरीची धार सरळ असते, आणि माझ्या हनुवटीवरचे तीन टाके सरळ रेषेत नाहीत. हँडलचा बाक कागदावर उतरवून घ्यायला दोन मिनिटं पुरली असती. टेप खिशात होता.

काढला नाही.

पुढची गाडी हलली. आईने गिअर टाकायच्या आधी हात लांब करून माझा पट्टा ओढून पाहिला. घरून निघताना एकदा पाहिला होता.

"घट्ट होतोय का गं?"

"नाही," मी म्हटलं. "मापाचा आहे."